ढगांवर धरलेली तोफ

परतीचा पाऊस आला की साताऱ्यातली माणसं गॅलरीत येऊन चहा पितात. आमच्या खालच्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ तर खुर्चीच टाकून बसतात आणि अजिंक्यताऱ्यावर वीज चमकली की "वाहवा" म्हणतात. मला मात्र त्या गडगडाटानं चीड येते. आकाशात आवाज झाला की मला आमच्या गावची तोफ आठवते, आणि तोफ आठवली की माणसाच्या अकलेबद्दल उरलासुरला आदरही वाहून जातो.

मी आयुष्यभर भूगोल शिकवला. फळ्यावर डाव्या हाताला समुद्र, मध्ये सह्याद्री, समुद्राकडून निघालेले बाण, आणि डोंगराच्या उजवीकडे कोरी जागा. त्या कोऱ्या जागेवर मी 'पर्जन्यछाया' असं लिहायची आणि सांगायची, मुलींनो, ही जागा म्हणजे आपण. ढग डोंगरावर रिकामे होतात आणि आपल्याकडे येतात ते नुसते फिरायला. मुली आकृती सुबक काढायच्या, गुण मिळवायच्या, आणि पाऊस लांबला की घरी जाऊन बेडकांच्या लग्नात अक्षता टाकायच्या. एका दुष्काळात विमानातून ढगांवर मीठ फवारणार अशी बातमी आली, तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी सगळी शाळा मैदानावर उभी केली होती. विमान आलंच नाही. आलं असतं तरी त्या दिवशी आभाळात ढग नव्हता. उन्हात ताटकळलेल्या एका मुलीनं मला विचारलं, "बाई, ढगाला मीठ कमी पडलं व्हय?" त्या सगळ्या प्रकरणातलं तेवढंच एक वाक्य मला लक्षात ठेवण्यासारखं वाटलं.

माझं माहेर कुंडलच्या बाजूला, द्राक्षबागांचं गाव. बागायतदारांना पावसाचं वावडं का, हे शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. दसऱ्याच्या आगेमागे बागेची छाटणी होते, कोवळी फूट निघते, तिच्यात इवले इवले घड दिसायला लागतात, आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस पूर्वेकडून चालून येतो. दोन दिवस झड लागली की पानाखाली पांढरी बुरशी येते, घड काळे पडतात आणि गळून जातात. म्हणून त्या दिवसांत आमच्या गावात कुणी आभाळाकडं मायेनं बघत नाही. पाहुणा आला तरी आधी वर बघतात, मग त्याला 'या' म्हणतात.

अशा गावात एका हंगामात तोफ आली. भला मोठा पत्र्याचा भोंगा, तोंड आभाळाकडं, बुडाला जाडजूड लोखंडी डबा. डब्यात वेल्डिंगवाल्याकडचा गॅस सोडायचा आणि ठिणगी द्यायची. दाणकन आवाज व्हायचा आणि त्याच्यामागून एक लांब शीळ वर जायची. विकणाऱ्यानं ती गारांसाठी म्हणून दिली होती. आवाजाच्या धक्क्यानं ढगातली गार तिथंच फुटते, असं त्यानं चहा पिता पिता सांगितलं. गार आमच्याकडं कधीमधी पडते, तोफ मात्र रोज डोळ्यांसमोर उभी. चार दिवसांत गावानं तिला बढती दिली. गारेचं राहिलं बाजूला, दिसेल त्या ढगावर ती डागायची असं ठरलं. नांगर घेऊन गवत कापायला निघावं, तसला हा प्रकार. पण सांगणार कोण?

आणि तोफ चालवणार कोण, हा प्रश्नच आला नाही. आमचे आण्णा, माझे थोरले भाऊ, तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आले होते. सरहद्दीवर खऱ्या तोफा चालवलेला माणूस. घरी आल्यापासून त्यांच्या वाट्याला दुधाची किटली आणि सोसायटीच्या बैठका एवढंच उरलं होतं. तोफ आली आणि आण्णांची पाठ पुन्हा ताठ झाली. ट्रंकेतली टोपी बाहेर आली. खंडेनवमीला गावात ट्रॅक्टर, फवारणीचे ब्लोअर, विळे, कोयते यांच्या ओळीत तोफेचीही पूजा झाली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, आणि आण्णांनी भोंग्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. मी माहेरी आले होते, हे सगळं कपाळाला हात लावून बघत होते.

"आण्णा, ढगाला कान नसतात," मी म्हणाले.

"बेबे, तू पुस्तकातलं शिकवतीस," ते म्हणाले. सत्तरी जवळ आली तरी गावात मी बेबीच आहे. "आमी फिल्डवरचं बोलतोय. दुश्मन आसू दे न्हाई तर ढग, धक्का बसला की फुटतोच."

पाण्याच्या टाकीवर दोन पोरं ढग बघायला ठेवली होती. ती वरून ओरडली की आण्णा तोफेपाशी उभे राहत, पलटणीतल्या आवाजात "फायर" म्हणत, आणि गावातली कुत्री एकसाथ पळत सुटत. म्हशी दूध चोरायला लागल्या. शेजारच्या म्हातारीनं कानात कापसाचे बोळे घातले ते दिवाळीपर्यंत काढले नाहीत. आणि खरी गंमत अशी की त्या हंगामात ढग यायचे, थांबायचे, आणि न पडताच निघून जायचे. आमच्या मुलखातले ढग हे पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आलेत. पण त्या वर्षी ते आण्णांना भिऊन गेले. पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत एकच विषय. सुभेदारांनी ढग पळवला. आण्णा नुसते मिशीवरून हात फिरवत.

आता आक्काचं सांगते, कारण खरं दुखणं तिथं आहे.

आक्का माझी थोरली बहीण, आण्णांच्या पाठची. दिली वर घाटमाथ्यावर, विट्याच्या पलीकडं. आमच्या गावातून तिचं गाव चढणीमुळं दिसत नाही, पण तिथल्या डोंगरावरच्या पवनचक्क्या स्वच्छ दिवशी दिसतात. तिकडं द्राक्षं नाहीत, ऊस नाही, पाट नाही. तिकडं शाळू. तो पेरायचा परतीच्या पावसाच्या ओलीवर. पाऊस आला तर ज्वारी, कडबा, जनावरं, सगळं. नाही आला तर टँकर. म्हणजे एकच ढग, आमच्या गावानं त्याला शिव्या घालायच्या आणि तिच्या गावानं हात जोडायचे. ढगाला दोन्हीचा पत्ता नसतो, ही गोष्ट मात्र दोन्ही गावांत कुणालाच पचत नाही.

तिच्या गावची अक्कल काही वेगळी होती असं नाही. आधी त्यांचा राग पवनचक्क्यांवर होता. एवढाले पंखे फिरतात, मग ढग उडून जाणारच, असं गावातले शिकलेले लोकही म्हणायचे. त्या वर्षी पाऊस लांबला तेव्हा मी आक्काकडं गेले होते. गावानं महादेवाला पाण्यात कोंडायचं ठरवलं होतं. गाभाऱ्याचा उंबरा मातीनं लिंपून घेतला आणि पिंडी बुडेपर्यंत पाणी भरलं. जीव गुदमरला की देव पाऊस सोडेल असा हिशेब. पाणी कुठलं? टँकरचं. आठवड्यातून येणारा तो टँकर, बायका घागरी घेऊन उभ्या, आणि पाईप आधी गाभाऱ्यात. आक्काच्या वाट्याला त्या दिवशी निम्मं पाणी आलं. मी तिथंच बडबडायला लागले तर आक्कानं माझा हात दाबला.

"गप बस. देवाच्या दारात न्हवं," ती म्हणाली.

"देवाला पाणी पाजून पाणी मागता होय गं?"

"आगं, मागायचं कुणाला मग? तुज्या फळ्याला?"

संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या रानाच्या बांधावर बसलो होतो. आधीच्या एका सरीच्या ओलीवर शाळू पेरून झाला होता, वीतभर उगवलाही होता, पानांची टोकं पिवळी पडायला लागली होती. खाली, आमच्या माहेराच्या अंगाला, काळाभोर ढग उभा होता. आक्का त्याच्याकडं टक लावून बघत होती. "आज हितं येतोय बघ," ती म्हणाली. तिच्या सासूनं परात बाहेर काढून ठेवली, पहिलं पाणी धरायला. मग खालून कुठूनतरी बारीक आवाज आला, घरातली भांडी सरकवावी तसा. थोड्या वेळानं पुन्हा. अंधार पडेपर्यंत ढग विरून गेला. सासूबाईंनी परात आत नेली.

त्या दिवसापासून पवनचक्क्या सुटल्या आणि तोफ सापडली. आक्काच्या गावात सगळ्यांना कळलं की सुभेदाराची बहीण आपल्या गावात दिलीय. पाणवठ्यावर तिच्याशी बोलणं कमी झालं. तिचा शाळू करपला तसा सगळ्यांचाच करपला होता, पण तिला ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. "तुज्या भावानं खाल्ला आमचा पाऊस," असं तिच्या तोंडावर म्हणाले.

त्या वर्षीची भाऊबीज मी विसरले नाही. आण्णा पाटावर बसले होते, डोक्यावर टोपी. आक्का सकाळच्या गाडीनं आली होती. पाणीसुद्धा न पिता तिनं ताट केलं. निरांजन लावलं, सुपारी ठेवली, आणि ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"आण्णा, एक इचारते. खरं सांग. आमच्याकडं येणारा ढग तू फोडलास?"

मी मागं उभी होते. आण्णांनी आक्काला एवढंच म्हणायचं होतं, की शालन, नुसता आवाज आहे तो, त्यानं काही होत नाही. जे खरं तेच म्हणायचं होतं. त्याच्याइतकं सोपं खरं जगात क्वचित कुणाला बोलायला मिळतं. मी नकाराची मान हलवून खुणेनं सांगितलंही. आण्णांनी माझ्याकडं पाहिलं, दारात उभ्या असलेल्या बागायतदारांच्या पोरांकडं पाहिलं, आणि छाती पुढं काढली.

"फोडला. मीच फोडला," ते म्हणाले.

आक्कानं ताट खाली ठेवलं. निरांजन जळतच होतं. पिशवी उचलली आणि ती निघाली. मी रस्त्यापर्यंत मागं गेले, हाका मारल्या, आण्णा खोटं बोलतोय म्हणून सांगितलं, ढगाची उंची सांगितली, वाऱ्याची दिशा सांगितली. तिनं एकदाच वळून पाहिलं. "त्यो म्हणतोय की फोडला. तू कोण सांगणार?" असं म्हणून ती गाडीत चढली आणि पुन्हा माहेरी आली नाही.

माझा तिरस्कार तिथून सुरू होतो, आणि तो दोघांबद्दलही सारखाच आहे. आण्णांना आपण काहीच नाही असं म्हणवेना. त्यापेक्षा बहिणीचा घास पळवणारा भाऊ झालेलं त्यांना परवडलं. आक्कालाही तेच. पाऊस आपल्या वाटेला न येण्यामागं कुणाचा तरी हात आहे, कुणीतरी आपल्याला मोजतंय, हे तिला हवं होतं. आभाळाला आपण दिसतच नाही, ही गोष्ट दोघांपैकी एकालाही सोसली नसती. असली माणसं विमानं पाठवून ढगांत मीठ टाकतात, देवाला कोंडतात, पंख्यांवर दगड मारतात. पाऊस पडला तर ढोल वाजवतात, नाही पडला तर शेजारी शोधतात. मी वर्गात हे सगळं हसत हसत सांगायची आणि मुली हसायच्या. माझ्या घरातल्या त्या भाऊबिजेची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही.

तोफेचं पुढं काय झालं ते सांगण्याजोगं नाही. दोन हंगाम गेल्यावर एके रात्री आण्णांनी जीव तोडून तोफ वाजवली आणि पाऊस असा कोसळला की सगळ्या बागा बसल्या. त्या वेळी कुणी म्हणालं नाही की सुभेदारांनी पाऊस आणला. तोफ बिघडली होती, गॅस ओला होता, ठिणगी नीट पडली नाही, असं म्हणाले. मग लोकांनी बागांवर प्लॅस्टिकचे कागद घातले आणि तोफेला विसरले. भोंग्यात साळुंक्यांनी घरटं केलं. बुडाच्या लोखंडाला कुणी म्हैस बांधायला लागलं. आण्णा जाता-येता तिच्याकडं बघत नसत. भाऊबिजेला मी जायची, ओवाळायची. माझं ओवाळून झालं तरी आण्णा पाटावरून लगेच उठत नसत. वहिनी आतून "जेवायला वाढलंय" म्हणाल्या की मग गुडघ्यावर हात टेकून उठायचे.

आणि आता हा यंदाचा पाऊस. दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली, तरी थांबायचं नाव नव्हतं. माझ्या कोऱ्या जागेवर, माझ्या पर्जन्यछायेवर तो असा बरसला की माझी आयुष्यभराची आकृती पुसून निघाली. माणसानं म्हणे आता सगळ्या जगाचं हवामानच बदलून टाकलंय. तोफेनं जमलं नाही ते धुरानं जमवलं, आणि तेही न ठरवता, नुसतं जगता जगता. मी हे वाचते तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. ज्याला पाहिजे तेव्हा एक ढग हलवता आला नाही, त्यानं नको असताना सगळं आभाळ बिघडवून दाखवलं.

मी दिवाळीच्या आधीच गावी गेले. दुपारची वेळ होती. आण्णा सोप्यात बसून पावसाकडं बघत होते. आता ऐंशी गाठलीय, कानही कमी झालाय, तोफखान्यानं अर्धा नेला आणि तोफेनं उरलेला. माझा फोन वाजला. आक्काचा होता. आम्ही दोघी बोलतो, पण गावाचा विषय ती काढत नाही.

"बेबे, कुठं हायस?"

"गावी आहे."

पलीकडं पत्र्यावर पाऊस वाजत होता, अलीकडंही तोच. "रानात गुडघाभर पाणी हाय," ती म्हणाली. "शाळू पेरला त्यो कुजला. दुसऱ्यांदा पेरला, वाहून गेला. जनावरं चार दिस उभ्यानं हायत." मग आवाज बारीक करून म्हणाली, "आण्णा हाय का जवळ? त्याला इचार, ती तोफ हाय का अजून?"

मला आधी हसू आलं, खरं सांगते. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर मागितलं काय, तर तोफ. मी फोन आण्णांच्या कानाला लावला आणि आवाज मोठा केला.

"आण्णा, मी शालन."

आण्णा ताठ बसले. "बोल," म्हणाले.

"तोफ चालू हाय का रं?"

भोंग्याला भोकं पडली होती. मी नकाराची मान हलवली. आण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "हाय की," ते म्हणाले.

"मग वाजीव की जरा. लय झाला गड्या पाऊस."

"वाजीवतो. आत्ता वाजीवतो," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि पायताण शोधायला लागले. वहिनी आडव्या आल्या, त्यांनी ऐकलं नाही. वेल्डिंगवाल्याकडून टाकी आणवली. पोतं पांघरून म्हातारा चिखलात उभा राहिला, मी वर छत्री धरली. म्हैस सोडली, नळी जोडली. ठिणगी पडेना. काडेपेटी भिजली, दुसरी आणली. शेजारची चार माणसं वळचणीला उभी राहून बघत होती. त्यातला एक हसला आणि मला त्याचा राग आला, जरी मी स्वतः इतकी वर्षं हेच करत होते. शेवटी कशीबशी एकदा वाजली. शीळ आली नाही. भोंग्याच्या भोकांतून धूर निघाला, दोन साळुंक्या ओरडत उडाल्या, आणि पाऊस होता तसाच पडत राहिला.

आण्णांनी हात पुढं केला. मी आक्काला फोन लावून दिला.

"वाजली का?" तिनं विचारलं.

"वाजली."

"हितं ऐकू न्हाई आली."

"लांब हाय गं."

"पाऊस हाय तिकडं?"

"हाय."

"हितंबी हाय."

आण्णांच्या टोपीवरून पाणी गळत होतं. ते बराच वेळ भोंग्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "शालन, तिच्यानं काय हुत न्हाई. तवाबी काय झालं न्हवतं. नुसता आवाज हुता. मीच आपला फोडला म्हणालो."

मला वाटलं, झालं. जे मी त्या भाऊबिजेला ऐकायला तडफडत होते ते आज तोंडातून आलं. भूगोल जिंकला. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि आक्का काय म्हणते ते ऐकायला पुढं झुकले.

"आसं म्हणू नगंस आण्णा," आक्का म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तवा तू फोडला हुतास. मी बांधावर हुते, माज्या डोळ्यांनी बघितलाय. फोडला न्हवतास तर मी एवढी वर्सं कशापायी आले न्हाई?"

आण्णांनी डोळे मिटले. पाऊस आमच्या दोघांच्या अंगावर पडत होता, माझी छत्री कधी कलली ते मला कळलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "फोडला हुता. मीच फोडला."

"मग? तेच म्हणते मी," आक्का म्हणाली. "भाऊबिजंला येते. रस्ता चालू असला म्हंजे झालं."

फोन बंद झाला. आण्णांनी तो शर्टाला पुसला आणि मला परत दिला. "बेबे," ते म्हणाले, "ती आली की तू तुजं ते फळ्यावरचं काय काढू नगंस."

ती आली. पाऊस होताच. तिनं ताट केलं, निरांजन लावलं, आणि आण्णांना ओवाळता ओवाळता बाहेर तोफेकडं बघून म्हणाली, "आता थकली गं ती. तवा लय ताकद हुती तिच्यात." आण्णांनी मान डोलावली. मग दोघांनीही माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "हो, लय होती."